सोवळ्यातला कीपॅड

सिल्वासाला जातेय असं ऑफिसात सांगितलं की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. ‘तिथे काय आहे?’ हे पहिलं आणि ‘मग दमणला पण जाणार असशील!’ हे दुसरं. नव्या पिढीच्या गोवेकराला सिल्वासा म्हणजे नकाशावरचा एक ठिपका. वास्तविक आपलं आणि त्या गावाचं नातं जुनं आहे. मराठ्यांशी १७७९ साली झालेल्या तहातून नगर हवेलीची गावं पोर्तुगीजांकडे गेली. पुढे सिल्वासाचं कागदोपत्री नाव ‘व्हिला द पासो द आर्कोस’ झालं. १९५४ च्या जुलैमध्ये स्वयंसेवकांनी आधी दादरा घेतलं, मग नरोली, आणि २ ऑगस्टला सिल्वासा मोकळं झालं. त्या लढ्यात गोव्याची माणसं होती, पुण्या-मुंबईची होती, सुधीर फडकेही होते. आपल्याला त्यानंतर आणखी सात वर्षं वाट बघावी लागली.

आमच्या घरात मात्र सिल्वासा म्हणजे ताईचं घर. भावजी मूळचे पेडण्याचे. १९८८ साली तिथल्या एका कारखान्यात हिशेबनीस म्हणून लागले आणि तिथलेच झाले. करांतल्या सवलतींमुळे तेव्हा सिल्वासाच्या आसपास कारखाने उभे राहत होते. पॉलिस्टरच्या धाग्याला पीळ देऊन, तापवून फुगवटा आणायचा, याला टेक्श्चरायझिंग म्हणतात. त्या धाग्याचे कारखाने तर तिथे जागोजागी. भावजींचा कारखानाही त्यातलाच. तो बंद पडूनही आता बरीच वर्षं झाली.

भावजींचं वय अडुसष्ट. हिशेबात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही, हे मी लग्नाच्या मांडवापासून ऐकत आले आहे. आकड्यांची लांबलचक रांग डाव्या हाताच्या बोटाने कागदावर सरकवायची आणि उजवा हात न बघता कीपॅडवर चालवायचा. डोळे कागदावर, तोंडाने कोणाशी तरी गप्पा, आणि उजव्या हाताची तीन बोटं आपापली कामं करताहेत. टायपिंगच्या परीक्षा देऊन नोकरीला लागलेली मी, मलासुद्धा त्यांच्या हाताकडे बघत राहावंसं वाटे.

गेली तीन वर्षं त्यांची नजर उतरत चालली आहे. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो, तो विकार. गंमत म्हणावी की दुर्दैव, कडेचं सगळं दिसतं. दारातून कोण आलं ते कळतं, चालताना अडखळायला होत नाही. पण ज्याच्याकडे रोखून बघावं नेमकं तेच पुसल्यासारखं होतं. म्हणजे वाचायचा आकडाच दिसत नाही, त्याच्या भोवतालचा कागद मात्र दिसतो!

तिथल्या आपल्या मराठी मंडळींचा एक सार्वजनिक गणपती असतो. त्याचा हिशेब वर्षानुवर्षं भावजींकडे. दोन वर्षांपूर्वी मंडपवाल्याला एकवीसशे रुपये आगाऊ द्यायचे होते. भावजींनी मोबाईलवरून पाठवले आणि गेले सत्याऐंशीशे! मंडपवाला सज्जन, त्याने संध्याकाळीच जास्तीचे परत केले. कोणी काही बोललंही नाही. फक्त त्या दिवसापासून हिशेबाची वही भाच्याच्या टेबलावर आली. ‘बाबांना आता कशाला त्रास’ असं सगळे म्हणाले. भावजीही ‘हो, बरं झालं’ म्हणाले. ताई मला फोनवर म्हणाली, ‘बरं झालं म्हणाले खरे, पण दुपारी झोपायला लागलेत गं. आयुष्यात कधी दुपारी झोपले नव्हते.’

गेल्या श्रावणात मी चार दिवस जाऊन राहिले, तेव्हा हा एकवीसशेचा सत्याऐंशीशे कसा झाला याचा मी सहज विचार करत होते. नजरेचा दोष म्हणावा तर चूक इतकी नेमकी कशी? दोनाच्या जागी आठ, एकाच्या जागी सात. मग लक्षात आलं. मोबाईलवर पैसे पाठवताना जे आकडे पुढे येतात त्यांत १, २, ३ वरच्या ओळीत असतात आणि ७, ८, ९ खाली. हिशेबाच्या यंत्रावर, कॅल्क्युलेटरवर, कम्प्युटरच्या कीबोर्डवर उजवीकडे नेमकं उलटं असतं. ७, ८, ९ वर आणि १, २, ३ खाली. मधली ४, ५, ६ ची ओळ आणि तळातलं शून्य दोन्हींकडे तिथल्या तिथे. भावजींच्या बोटांनी तीस वर्षांच्या सवयीने खालच्या ओळीतला दोन दाबला, एक दाबला. बोटं बरोबर होती. त्यांच्याखालचे आकडे बदलले होते.

हे असं दोन तऱ्हेचं का, याची कथा मजेदार आहे. हिशेबाच्या यंत्रावर दहाच कळा ठेवून ७-८-९ वर मांडायची पद्धत अमेरिकेतल्या सनस्ट्रँड यंत्रापासून, म्हणजे १९१४ च्या सुमारापासून रुळली. टेलिफोनला बटणं बसवायची वेळ आली तेव्हा बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत आकड्यांच्या निरनिराळ्या मांडण्या माणसांकडून दाबून घेऊन तपासल्या गेल्या. आर. एल. डाइनिंगर यांनी १९६० साली त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. १९६३ च्या नोव्हेंबरात बटणांचा फोन बाजारात आला, तो १-२-३ वर घेऊन. तोपर्यंत हिशेबनिसांच्या दोन पिढ्या ७-८-९ वर हात बसवून मोकळ्या झाल्या होत्या. मग दोघंही आपापल्या जागी राहिले. पुढे २०१६ साली आपल्याकडे यूपीआय आलं आणि हिशेब फोनवरच व्हायला लागला. अनेक वर्षं वेगळ्या वाटांनी चाललेले दोन कीपॅड भावजींच्या तळहातावर एकमेकांना भेटले आणि सहासष्टशे रुपयांचा फरक पडला.

आपल्या बोटांच्या सवयी कोणी तरी दुसरंच ठरवत असतं, हे आपल्याला गोव्यात नवीन नाही. पोर्तुगालमध्ये सालाझारच्या सरकारने १९३७ च्या जुलैमध्ये टाइपरायटरवरच्या अक्षरांची मांडणी सरकारी हुकमाने ठरवून दिली होती. वरच्या ओळीत पहिली सहा अक्षरं एच, सी, ई, एस, ए, आर, म्हणून तिचं नावच ‘एचसीइसार’ पडलं. इंग्रजी टाइपरायटरचं ‘क्वर्टी’ तिच्याशी फारसं जुळत नाही. ज्यांनी पोर्तुगीज मांडणीवर बोटं बसवली असतील, त्यांना इंग्रजी यंत्रापुढे बसल्यावर पुन्हा श्री गणेशा करावा लागला असणार. सरकार बदललं की शिक्के बदलतात, पाट्या बदलतात, हे इतिहासाच्या पुस्तकात असतं. बोटं बदलावी लागतात, हे कुठल्याच पुस्तकात नसतं.

असो. भावजींना मी हे ७-८-९ चं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘म्हणजे मी चुकलो नव्हतो तर.’ मी म्हटलं, ‘भावजी, तुम्ही चुकला नव्हता. पण पैसे मात्र चुकीचे गेले.’ त्यावर हसले. आणि उठून आतल्या खोलीतल्या कपाटातून कापडात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आले.

तो एक सुटा कीपॅड होता. आकड्यांचाच. सतरा कळा, पिवळट पडलेलं जाड प्लास्टिक, हातात घेतल्यावर जाणवेल असं वजन, पीळ दिलेली वायर आणि टोकाला गोल, पाच टाचण्यांचं तोंड. कंपनीचं नाव कधीच पुसून गेलेलं. कारखान्याचे जुने कम्प्युटर भंगारात निघाले तेव्हा भावजींनी एवढा मागून घेतला होता. वीस वर्षं कपाटात होता. कळ दाबली की आत जाई, वर येई, पण आतून काही तरी भुरभुरल्यासारखा आवाज येई.

इथे कोणी विचारील की बाजारात तीन-चारशे रुपयांना नवा मिळतो, तो का नाही आणला? आणला होता. भाच्याने मागच्या वर्षीच आणून दिला होता. त्याच्या कळा चपट्या, वरून सपाट, सगळ्या एका पातळीत. ज्याला दिसतं त्याला काही अडत नाही. जुन्याचं तसं नाही. त्याच्या कळांना मध्ये बोटापुरता खळगा आहे, आणि प्रत्येक ओळीचा उतार वेगळा आहे. वरची ओळ आपल्याकडे कललेली, मधली जवळजवळ सपाट, खालची थोडी पलीकडे. पाचावर एक टिंब. हात ठेवला की कुठल्या ओळीत आहोत ते बोटाला आपोआप कळतं. भावजी म्हणाले, ‘नव्यावर हात ठेवला की अंधारात परक्याच्या घरात शिरल्यासारखं वाटतं.’

तेव्हा ठरलं की हाच उघडून बघायचा. मी पडले बी.ए. मराठीची. पण भाच्याचा डिप्लोमा इन्स्ट्रुमेंटेशनचा, त्याच्याकडे स्क्रू-ड्रायव्हरचा संच होता आणि मला होती उत्सुकता. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसलो.

माझी कल्पना अशी की आत टीव्हीच्या रिमोटसारखं काही तरी असेल. रिमोट आपण सगळ्यांनीच कधी ना कधी उघडलेला असतो. आत रबराचा एक सलग पडदा, प्रत्येक बटणाच्या पोटात कार्बनची काळी टिकली. खालच्या फलकावर तांब्याच्या दोन फण्या एकमेकींत बोटं अडकवून पण न शिवता बसलेल्या. बटण दाबलं की टिकली दोन्ही फण्यांवर टेकते आणि वीज इकडून तिकडे जाते. साधा पूल. पुलावर धूळ बसली, तेलकटपणा आला की रिमोट चालेनासा होतो. मग आपण तो तळहातावर आपटतो, बॅटऱ्या फिरवतो, शेवटी उघडून पुसतो.

इथे तसलं काहीच नव्हतं. मागचे अकरा स्क्रू काढून हिरवा फलक उचलला तर टेबलावर तपकिरी भुसा सांडला. नाचणीच्या पिठासारखा, पण किंचित चिकट. त्या भुशात चंदेरी चकत्या पडलेल्या. आणि फलकावर प्रत्येक कळेच्या खाली तांब्याचे दोन अर्धचंद्र, समोरासमोर. त्यांच्यावर वार्निशचा पातळ लेप! मला पहिल्यांदा वाटलं, हा काय वेडेपणा? ज्यातून वीज जायची त्यावरच वार्निश? टिकली टेकली तरी पूल होणार कसा?

भाच्याने एक चकती उचलून उजेडात धरली. ती होती पॉलिस्टरची फिल्म. एका बाजूला ॲल्युमिनियमचा मुलामा, दुसरी बाजू नुसतं प्लास्टिक. ‘मावशी,’ तो म्हणाला, ‘यात पूल नाहीच. यात काही काही शिवतच नाही.’

मग त्याने समजावलं ते असं. प्रत्येक कळेच्या दांड्याच्या टोकाला स्पंजची गादी असे आणि गादीच्या तळाला ही चकती चिकटवलेली. कळ दाबली की चकती खाली येऊन दोन अर्धचंद्रांवर बसते. पण मध्ये प्लास्टिक आणि वार्निश असतं, त्यामुळे धातूला धातू लागत नाही. तरीही एक गोष्ट घडते. धातूचे दोन पत्रे समोरासमोर आणले आणि मध्ये वीज न वाहू देणारं काही ठेवलं की त्याचा कपॅसिटर होतो. त्यातून वीज सरळ पलीकडे जात नाही, पण एका पत्र्यावर विजेचा चढउतार झाला की त्याची थरथर दुसऱ्यापर्यंत पोचते. चवथीच्या आरतीत एक घुमट वाजतं, शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या घुमटाच्या कातड्यावर हात ठेवून बघा. कोणी मारलेलं नसतं, तरी ते थरथरत असतं. तसंच काहीसं.

आणि ही थरथर किती पोचणार ते अंतरावर अवलंबून. अंतर निम्मं केलं की कपॅसिटरची धारणक्षमता दुप्पट होते. चकती वर असते तेव्हा थरथर नगण्य. चकती खाली आली की ती एकदम वाढते. वाढते म्हणजे किती? काही पिकोफॅरड. एक पिकोफॅरड म्हणजे फॅरडचा एक लाख कोटीवा भाग. एवढ्याशा फरकाकडे कान लावून कोपऱ्यातली चिप बसलेली असते. ती एकेका रांगेत विजेचे बारीक ठोके सोडते आणि दुसऱ्या बाजूने कान देते, कुठल्या कळेतून प्रतिध्वनी मोठा येतोय. सेकंदात कितीतरी फेऱ्या. रात्रीच्या पहारेकऱ्याने प्रत्येक दाराशी जाऊन ‘आहे का कोणी?’ विचारावं तसं.

ताई स्वयंपाकघरातून ऐकत होती. पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, ‘म्हणजे हा कीपॅड सोवळ्यात आहे म्हण की!’

आम्ही इतके हसलो! पण उपमा अगदी फिट्ट होती. आमची आजी सोवळ्यात असली की आम्हा मुलांच्या हातावर प्रसाद वरून टाकायची. हात जवळ यायचा, अगदी वीतभर, पण लागायचा नाही. आणि तरी प्रसाद पोचायचा. वार्निश म्हणजे या कीपॅडची धाबळी. आता सोवळ्याच्या नावाखाली आपल्याकडे माणसांनी माणसांना किती दूर ठेवलं ते मी विसरलेले नाही, आणि त्या सोवळ्याचे गोडवे मला गायचे नाहीत. इथलं सोवळं दूर ठेवतं ते फक्त गंजाला. तांब्याला हवा लागत नाही, घासलं जात नाही, ठिणगी नाही, काजळी नाही. गोवा काय किंवा सिल्वासा काय, जिथे पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, तिथे धातूवर धातू टेकवून चालणारं यंत्र किती दिवस टिकणार? हा फलक मात्र इतक्या वर्षांनीही काल बनवल्यासारखा लखलखीत होता.

या जातीच्या कीबोर्डना ‘फोम अँड फॉइल’ म्हणतात, म्हणजे स्पंज आणि वर्ख. अमेरिकेतल्या स्पोकेन शहरात १९६९ साली निघालेली की ट्रॉनिक ही कंपनी त्यांसाठी नावाजलेली. ॲपलच्या १९८३ च्या लिसा कम्प्युटरला याच जातीचा कीबोर्ड होता, कॉम्पॅकच्या पहिल्या उचलून न्यायच्या कम्प्युटरलाही. त्या काळात कीबोर्ड कसा बनवायचा याचे नाना प्रयोग चालले होते. कोणी कळेखाली लोहचुंबक बसवून त्याची चाहूल घेई, कोणी स्प्रिंग मध्येच वाकवून टक् असा आवाज काढी. स्पंज-वर्खाची युक्ती त्या मानाने स्वस्त आणि बोटाला मऊ.

मग बिघडलं काय? चिप शाबूत, तांबं शाबूत, स्प्रिंगा शाबूत, चकत्यासुद्धा बहुतेक शाबूत. गेला होता फक्त स्पंज. हा स्पंज पॉलियुरेथेनचा असतो, आणि त्याच्या काही जाती हवेतल्या दमटपणाने हळूहळू आतून तुटत जातात. वापरला नाही तरी. गोवेकराला हे वेगळं समजवायला नको. लग्नाकार्यासाठी जपून ठेवलेले बूट दोन पावसाळ्यांनी बाहेर काढावेत, पायात घालून मांडवापर्यंत जावं आणि मागे तळव्याचे तुकडे पडलेले दिसावेत, हा अनुभव आपल्या घराघरात आहे. तोच हा रोग. वरचं चामडं चकचकीत, आणि मधला मऊ भाग पीठ झालेला.

टेबलावर पडलेला तो भुसा बघून मला वाटलं, आपण नेहमी टणक गोष्टींच्या टिकण्याची काळजी करतो. जे महाग, जे अवघड, ते सांभाळतो. पण यंत्र बंद पडलं होतं ते सगळ्यात स्वस्त, सगळ्यात मऊ गोष्टीने. जिची कोणी यादीसुद्धा करत नाही. आणि ती मऊ गोष्ट मध्ये होती म्हणूनच तर कळ बोटाला बरी वाटत होती. चकती सगळीकडून सारखी बसत होती, तीही तिच्यामुळेच.

दुरुस्ती काही मोठी नव्हती, चिकाटीची होती. जुना स्पंज खरवडताना वार्निशला ओरखडा जाऊ द्यायचा नव्हता, म्हणून लाकडी काडीला कापूस गुंडाळून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने एकेक जागा पुसली. चकत्या ओल्या फडक्याने टिपून वाळवल्या. सतरापैकी पंधरा धड निघाल्या. दोन फाटल्या होत्या. त्यांच्या जागी काय लावायचं? भाच्याने वेफरचं रिकामं पाकीट आणलं. आतून चंदेरी दिसतं ना, तेही प्लास्टिकच्या फिल्मवर दिलेला धातूचा मुलामाच. ते पुसून त्यातून दोन चकत्या कापल्या. पॉलिस्टरच्या गावात पॉलिस्टरची चकती टिकली होती आणि जी फाटली तिला वेफरने हात दिला, यावर ताईने आणखी एक विनोद केला, तो इथे लिहीत नाही.

स्पंज दारं-खिडक्यांच्या फटींना लावायच्या पट्टीचा घेतला. बाजारातला पहिला जाड निघाला. लावल्यावर चकत्या आपोआपच फलकाला टेकायला लागल्या आणि पडद्यावर आठ-आठ-आठ-आठ अशी रांगच सुरू झाली. दुसरा पातळ, तीन-चार मिलिमीटरचा मिळाला. चामड्याला भोकं पाडायच्या पंचाने सतरा गोल टिकल्या पाडल्या. मी पाडायच्या, भाच्याने चिकटवायच्या. भावजी शेजारी बसून मोजत होते. ‘तेरा झाल्या.’ ‘चौदा.’ टेबलाच्या कडेकडेने त्यांना आमचे हात दिसत होते.

गोल तोंडाला आजच्या कम्प्युटरशी जोडायला मध्ये दोन जोडण्या लागल्या, त्या भाच्याने ऑनलाइन मागवल्या. त्या यायला मी निघायच्या आदल्या दिवसाची दुपार उजाडली. कम्प्युटरवर एनव्हीडीए नावाचा फुकट मिळणारा पडदावाचक घातला. तुम्ही दाबलेला आकडा तो बोलून दाखवतो.

भावजी बसले. उजवा हात कीपॅडवर ठेवला, मधल्या बोटाने पाचावरचं टिंब चाचपलं आणि थांबले. मग ताईला म्हणाले, ‘मागच्या वर्षाची वही काढ. तू वाच.’ ताई वाचत गेली. फुलं अमुक, पेढे अमुक, भटजींची दक्षिणा अमुक. पहिल्या ओळीला हात चाचरला. तिसऱ्या-चौथ्या ओळीपासून ताईला वाचायचा वेग वाढवावा लागला. बेरीज आली तेव्हा पडदावाचकाने ती सांगायच्या आधी भावजींनी तोंडीच सांगितली होती, आणि ती वहीतल्या बेरजेशी जुळत नव्हती. सत्तर रुपयांचा फरक. ‘सातव्या ओळीत बघ,’ ते म्हणाले, ‘हातचा धरायचा राहिलाय.’ सातव्या नाही, नवव्या ओळीत निघाला. भाचा गप्प उभा होता. मग त्याने वही बंद करून बाबांच्या बाजूला ठेवली. कोणी काही बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती.

मला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ज्या मोबाईलने भावजींना फसवलं, त्याची काचसुद्धा याच युक्तीवर चालते. आपण तिला ‘टच’ म्हणतो, पण काचेखालच्या तारांना आपलं बोट कधीच लागत नाही. बोट जवळ आल्याने तिथल्या विजेच्या धारणेत फरक पडतो, आणि चिप तो टिपते. इंग्लंडमधल्या मॅल्व्हर्न इथल्या रडार संशोधन केंद्रात ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली ही कल्पना मांडली होती. म्हणजे तत्त्वाने पाहिलं तर तो जुना कीपॅड आणि हा नवा फोन एकाच घराण्यातले. दोघंही सोवळ्यातले. फरक एवढाच, की फोनने मधली कळ काढून टाकली. कळेबरोबर खळगा गेला, उतार गेला, पाचावरचं टिंब गेलं, आणि तो मऊ स्पंजही गेला. यंत्राला बोट कळतं, बोटाला मात्र यंत्र कळत नाही. ज्याला दिसतं त्याच्या हे लक्षातही येत नाही. ज्याचं दिसणं कमी होतं, त्यालाच कळतं की काय काढून घेतलंय.

जुनं ते सोनं असं मी म्हणत नाही. जुन्याचं काय होतं ते टेबलावर सांडलेलं मी पाहिलं आहे, वाटीभर तपकिरी भुसा. आम्ही लावलेला स्पंजही कायमचा नाही. दहा पावसाळे काढील, पंधरा काढील, मग त्याचंही पीठ होईल. पण फलक शाबूत राहील, आणि कोणाला तरी पुन्हा एक दुपार देऊन सतरा टिकल्या पाडाव्या लागतील. आपल्या भजनाच्या फेळांचं, गावच्या नाटकांचं, वाचनालयांचं याहून काय वेगळं असतं? पेटी असते, पखवाज असतो, कपाटात पुस्तकं असतात. टणक ते सगळं टिकतं. मधे जे कोणी तरी संध्याकाळी येऊन सतरंजी घालायचं, दिवा लावायचं, ते मऊ काम थांबलं की सगळंच वाजेनासं होतं. आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, वस्तूच जुनी झाली.

निघताना पट्टीतला उरलेला स्पंज मी एका हवाबंद डब्यात घालून, वर तारीख लिहून भाच्याकडे दिला. सोबत पंचही. ‘मावशी, हे कशाला?’ त्याने विचारलं. मी म्हटलं, ‘असू दे. डबा बाबांच्या कपाटात नको ठेवू, तुझ्या कपाटात ठेव.’

यंदाच्या चवथीला ताईचा फोन आला होता. गणपतीचा हिशेब वेळेत झाला. भावजी दुपारचे झोपत नाहीत.